हॅटफील्ड : विमानांच्या कारखान्यावर उभ्या राहिलेल्या कचेऱ्या

लेखमाला : कारखान्यांच्या जागा (लेखांक सहावा)

मागील लेखांकात, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीचा वृत्तांत आपण पाहिला, आणि महायुद्धाच्या निकडीपायी १९४२ साली हिंदुस्थान सरकारने वालचंदांचा हिस्सा मोबदला देऊन आपल्याकडे कसा घेतला, हेही पाहिले. मालकी बदलली तरी तो कारखाना विमानांचाच राहिला. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली निघालेला कारखानाही आपले मूळचे काम सोडून गेलेला नाही. म्हणून, जेथे विमाने घडत होती त्याच जमिनीवर पुढे कचेऱ्या आणि गुदामे कशी उभी राहिली याचा विचार करावयाचा, तर आपणांस महाराष्ट्राबाहेर, किंबहुना हिंदुस्थानाबाहेर, लंडनच्या उत्तरेस सुमारे वीस मैलांवर असलेल्या हॅटफील्ड या गावी जावे लागते.

देगलूर किंवा उदगीरच्या वाचकास हॅटफील्ड हे नाव दूरचे वाटेल. तथापि त्या गावच्या कारखान्याचा आणि आपल्या मुलुखाचा संबंध दिसतो त्याहून जुना आहे. हा सारा प्रदेश निजामाच्या अंमलाखाली असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हैदराबादेस बेगमपेठच्या विमानतळावर वैमानिकांना प्राथमिक शिक्षण देणारी शाळा चालत असे, आणि तेथील उमेदवार ज्या दुहेरी पंखांच्या, उघड्या बैठकीच्या लहानशा विमानांत आपला पहिला धडा गिरवीत, ती टायगर मॉथ विमाने डी हॅविलँड कंपनीच्या आराखड्याची होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस उतरले, ते पुस मॉथ विमानही त्याच कंपनीचे. आणि स्वतंत्र भारताच्या वायुदलाकरिता बंगळूरच्या कारखान्यात परवान्याने बांधली गेलेली व्हॅम्पायर जातीची जेट विमाने, तीही त्याच घराण्यातील होत.

जेफ्री डी हॅविलँड यांनी ही कंपनी १९२० साली स्थापन केली, ती हॅटफील्ड येथे नव्हे, तर लंडनच्या वायव्य सीमेवरील एजवेअर भागात, स्टॅग लेन या मैदानावर. पुढील दहा वर्षांत लंडन शहर पसरत पसरत त्या मैदानाच्या कडेला येऊन भिडले, सभोवार घरे झाली, विमानांना उतरण्यास मोकळी जागा उरेना आणि जमिनीचा भाव मात्र वाढत गेला; तेव्हा कंपनीने १९३० च्या सुमारास हॅटफील्डजवळची शेतजमीन घेतली, स्टॅग लेनची जागा घरबांधणीसाठी विकली, आणि १९३४ साली नव्या जागी कारखाना व त्याच्या दर्शनी भागी एक देखणी पांढरी प्रशासकीय इमारत उभी केली. म्हणजे ज्या कारखान्याच्या जागेची कथा आपण आज सांगत आहोत, तो स्वतःच दुसऱ्या एका कारखान्याची जागा विकून जन्मास आला होता. ही गोष्ट अशासाठी ध्यानात ठेवावी की, कारखान्याची जमीन विकली गेली हे ऐकताच काहीतरी अघटित घडले असे मानण्याची आपली जी प्रवृत्ती आहे, ती इतिहासास धरून नाही. जागा सोडण्यामागे जोवर पुढचा कारखाना उभा असतो, तोवर ते स्थलांतर असते. पुढे काहीच उभे नसते तेव्हाच त्याचे स्वरूप पालटते.

हॅटफील्डच्या वैभवाचा काळ युद्धाने आणला. ३ ऑक्टोबर १९४० रोजी एक जर्मन विमान ढगांतून खाली येऊन या कारखान्यावर बाँब टाकून गेले. त्यात एकवीस माणसे मृत्युमुखी पडली आणि नव्या विमानाकरिता जमविलेले पुष्कळसे सामान जळून खाक झाले. ते नवे विमान म्हणजे मॉस्किटो. त्याचा आराखडा हॅटफील्डपासून काही मैलांवर, सॅलिस्बरी हॉल नावाच्या एका जुन्या वाड्यात बसून गुप्तपणे तयार करण्यात आला होता, आणि पहिला नमुनाही तेथेच बांधून, सुटे भाग करून हॅटफील्डला आणण्यात आला. बाँबहल्ल्यानंतर दोन महिने लोटण्यापूर्वीच, २५ नोव्हेंबर १९४० रोजी, त्याने पहिले उड्डाण केले.

या विमानाबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढे जो विचार मांडावयाचा आहे त्याचे मूळ येथे आहे. मॉस्किटो लाकडाचे होते. ज्या काळी सर्व जगातील अभियंते धातूच्या विमानांकडे वळले होते, त्या काळी डी हॅविलँडच्या मंडळींनी असा हिशेब केला की, युद्ध लागले म्हणजे ॲल्युमिनियमचा तुटवडा पडेल आणि धातुकाम करणारे कसबी कारागीर मिळेनासे होतील; परंतु देशात टेबले, कपाटे व पियानो बनविणारे सुतार मात्र कामावाचून बसून राहतील. म्हणून त्यांनी बर्च लाकडाच्या पातळ फळ्यांच्या मध्ये, दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरहून आणलेल्या अतिशय हलक्या बाल्सा लाकडाचा थर सरसाने बसवून विमानाचे धड घडविले. ते धड साच्यावर दोन उभ्या अर्धांत तयार होई, आतील तारा व नळ्या उघड्यावरच सोयीने बसविल्या जात, आणि मग दोन्ही अर्ध सांधले जात. इंग्लंडातील कितीतरी फर्निचरचे कारखाने या कामास जुंपले गेले. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून ७,७८१ मॉस्किटो विमाने तयार झाली, आणि वेगात ती आपल्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांच्या तोडीची किंवा त्यांहून सरस ठरली. आपल्याकडील उष्ण व दमट हवेने मात्र त्यांची परीक्षा पाहिली: १९४४ च्या अखेरीस हिंदुस्थानात असलेल्या काही मॉस्किटोंच्या पंखांची जोडणी सुटल्याचे आढळले, आणि तपासणी होईपर्यंत ती काही काळ उडू दिली गेली नाहीत.

युद्ध संपले आणि त्याच धावपट्टीवरून, २७ जुलै १९४९ रोजी, जगातील पहिले जेट प्रवासी विमान आकाशात गेले. त्याचे नाव कॉमेट. २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग अशी त्याची नियमित वाहतूक सुरू झाली. आणि बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट वादळात मोडून पडले व त्यातील सर्व, म्हणजे त्रेचाळीस माणसे गेली. दोष वादळाकडे गेला. परंतु १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये भूमध्य समुद्रावर आणखी दोन कॉमेट विमाने अशीच आकाशात फुटली, तेव्हा एक संपूर्ण विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत बसवून, त्याच्या आतील दाब हजारो वेळा वाढवून व उतरवून पाहण्यात आला. वारंवार ताणल्या गेलेल्या पत्र्याला, धडात कापलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी चीर जाते आणि ती एका क्षणात धावत सुटते, हे त्यातून सिद्ध झाले. ते ज्ञान कंपनीने दडवून ठेवले नाही. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी प्रवासी विमान बांधले त्या साऱ्यांनी त्याचा लाभ घेतला. हॅटफील्डने मात्र त्या अवधीत आपले अग्रस्थान अमेरिकेच्या बोइंग कंपनीस गमावले, आणि ते पुन्हा कधी मिळाले नाही.

पुढचा भाग व्यवहाराचा आहे. तो थोडक्यात सांगतो. १९६० साली डी हॅविलँड कंपनी हॉकर सिडले या मोठ्या समूहात विलीन झाली, १९७७ साली राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश एअरोस्पेस झाली, आणि पुढे पुन्हा खासगी झाली. ट्रायडेंट हे प्रवासी विमान येथे बांधले गेले. ३ सप्टेंबर १९८१ रोजी चार इंजिनांचे १४६ हे लहान प्रवासी विमान येथूनच प्रथम उडाले. परंतु शीतयुद्ध संपले, लष्करी मागणी घटली, विमान-कंपन्या मंदीत सापडल्या, आणि १९९२ साली ब्रिटिश एअरोस्पेसवर असा कठीण प्रसंग आला की तिने हॅटफील्ड बंद करण्याचा जाहीरनामा काढला. १४६ चे काम मँचेस्टरजवळच्या वुडफर्ड येथे गेले, आणि १९९४ साली धावपट्टीही बंद झाली. लंडनच्या इतक्या निकट, महामार्गाला लागून असलेली ती विस्तीर्ण जमीन कारखान्यापेक्षा अधिक मोलाची झाली होती, हेही या निर्णयामागचे एक कारण होते असे मानण्यास जागा आहे; कारण हाच हिशेब साठ वर्षांपूर्वी स्टॅग लेन येथे झाला होता. फरक इतकाच की, त्या वेळी पुढे हॅटफील्ड होते.

यानंतर काही वर्षे ती जागा ओस राहिली. त्या ओसाडीत चित्रपटवाल्यांनी तेथे युद्धात उद्ध्वस्त झालेले एक फ्रेंच गाव उभारून ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या चित्रपटाचे चित्रण केले, आणि पुढे ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या मालिकेचेही. मग हळूहळू जमिनीचे आराखडे मंजूर झाले आणि आज जे हॅटफील्ड बिझिनेस पार्क म्हणून ओळखले जाते ते आकारास आले: दूरध्वनी आणि संगणकाच्या व्यवसायातील मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या, औषधांच्या एका जपानी कंपनीचे युरोपातील ठाणे, घरपोच वाणसामान पुरविणाऱ्या ओकाडो कंपनीचे यंत्रचलित गुदाम (जे २०२३ साली बंद झाले), शेकडो घरे, आणि २००३ साली उघडलेला हर्टफर्डशर विद्यापीठाचा एक नवा परिसर, ज्याला डी हॅविलँड यांचेच नाव दिले गेले.

येथवरचे वर्णन कोणत्याही माहितीपत्रकात मिळेल. मला ज्याविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते ते हे की, या परिवर्तनात जे काही जुने टिकले ते आपोआप टिकलेले नाही. त्यातील प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी कागदावर लिहून ठेवलेली अट आहे. कॉमेटसाठी १९५० नंतर बांधलेला ॲल्युमिनियमचा प्रचंड हँगर आजही तेथे उभा आहे, तो १९९८ साली संरक्षित वास्तूंच्या यादीत घातला गेला म्हणून. विकत घेणाऱ्यास तो पाडता येईना, तेव्हा त्याने त्यात व्यायामाचा क्लब थाटला, आणि जेथे विमानांची तपासणी होत असे तेथे आता गावची माणसे पोहतात व टेनिस खेळतात. १९३४ ची पांढरी इमारत तशीच संरक्षित, आणि तिच्यात पोलिसांचे ठाणे आले. रस्त्यांना कॉमेट, मॉस्किटो, जिप्सी मॉथ, अल्बट्रॉस अशी विमानांची नावे पडली. मैदानाच्या पश्चिमेकडील मोठा भाग लोकांना फिरण्यासाठी मोकळा ठेवावा, असे बांधकामाच्या परवानगीबरोबर झालेल्या करारात लिहिले गेले. त्या भागातून रेती व खडी काढावी की नाही यावरून पुढे दीर्घ वाद माजला, तेव्हा नागरिकांच्या हाती धरण्यासारखे जे होते ते या करारातील शब्दच होते. मॉस्किटोचा पहिला नमुना सॅलिस्बरी हॉलच्या आवारातील संग्रहालयात पाहावयास मिळतो, तोही कारखान्यातील एका माणसाने तो जाळू न देता लपवून सांभाळल्यामुळे. म्हणजे जेथे कायदा नव्हता तेथे एका माणसाचा निर्धार होता. जेथे दोन्ही नव्हते तेथे काहीही उरलेले नाही.

आणि बरेच काही उरलेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लाकडाचे पातळ थर साच्यावर दाबून विमानाचे धड घडविणारा सुतार, पत्र्याच्या चिरेवरून ताणाची दिशा ओळखणारा तपासनीस, वर्षानुवर्षे एकाच उस्तादाच्या हाताखाली राहून तयार झालेले उमेदवार, यांच्या हातचे कसब कोणत्याही यादीत घालता येत नाही. डी हॅविलँडची उमेदवारांसाठी स्वतःची तांत्रिक शाळा होती, आणि तीतून बाहेर पडलेली माणसे इंग्लंडच्या साऱ्या विमान-व्यवसायात पसरली होती. कारखान्याच्या जागी कचेऱ्या आल्या, त्यांतील नोकऱ्या खऱ्या आहेत, त्यांवर अनेक कुटुंबांचा योगक्षेम चालतो, आणि त्यांना कमी लेखण्याचा मला अधिकार नाही; परंतु १९९३ साली हातातील हत्यार खाली ठेवणाऱ्या पन्नाशीच्या कारागिराला त्या नोकऱ्या मिळालेल्या नाहीत, कारण त्या त्याच्यासाठी नव्हत्याच. एका पिढीने गमावलेले काम दुसऱ्या पिढीला, दुसऱ्या शिक्षणाच्या बळावर, दुसऱ्या स्वरूपात मिळाले. याला जागेचा पुनर्जन्म म्हणता येईल, कामगाराचा नव्हे.

आणखी एक गोष्ट अशी की, जमिनीच्या पोटात काय आहे हे पाहिल्याखेरीज वर काही बांधणे धोक्याचे असते. कॅलिफोर्नियातील बरबँक येथे लॉकहीड कंपनीचा विमानांचा जुना कारखाना होता. तोही याच सुमारास बंद झाला आणि त्याच्या जागी पुढे मोठी बाजारपेठ वसली. परंतु धातूच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी दशकानुदशके वापरलेली रासायनिक द्रव्ये मातीतून झिरपून भूजलात उतरली होती, आणि ते पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम कारखाना गेल्यावरही अनेक वर्षे चालू राहिले. विहिरींवर आणि विंधनविहिरींवर जगणाऱ्या आपल्या मराठवाड्यात हा मुद्दा कोणत्याही इमारतीच्या सौंदर्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. नांदेडची उस्मानशाही मिल सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने ओळखली जाणारी. गोदाकाठच्या काळ्या जमिनीतील कापूस तिने वर्षानुवर्षे कातला व विणला, आणि देगलूर, बिलोली, मुखेड या भागांतील कितीतरी घरांतील माणसे तिच्या भोंग्यावर जागी झाली. १९७४ च्या कायद्याने देशातील ज्या आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यांच्या यादीत ही मिलही होती आणि औरंगाबादची मिलही. पुढे दोन्हींची चाके थांबली. ज्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण देऊन दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या पदरात पीक घातले, त्याच नांदेडात त्या कापसाचे सूत काढणारी मोठी गिरणी मात्र उरली नाही, ही वस्तुस्थिती केवळ हळहळण्याची नाही. ती कारणे तपासण्याची आहे, आणि ते काम आपण एका स्वतंत्र लेखांकात करू.

आजचा प्रश्न जमिनीचा आहे. बंद कारखान्याची जमीन विकसित होताना बहुधा असे घडते की, सातबाऱ्यावरील किंवा मालमत्ता-पत्रकावरील फेरफार आधी मंजूर होतो, इमले आधी पाडले जातात, आणि मग तेथे काय होते याची चौकशी सुरू होते. मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतीत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचे तीन वाटे करण्याची तरतूद होती, म्हणजे एक महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माणास व एक मालकास. २००१ साली ती अशी बदलली गेली की वाटणी फक्त मोकळ्या राहिलेल्या जमिनीचीच व्हावी, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. एका कलमातील थोड्याशा शब्दांनी शेकडो एकर जमिनीचे भवितव्य फिरले. हॅटफील्डला जे कमावता आले आणि मुंबईला जे गमवावे लागले, त्या दोहोंचे मूळ एकच: परवानगीच्या कागदावर काय लिहिले होते.

देगलूर हे महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटक यांच्या संधीवरील गाव. येथील मुलेमुली आज नोकरीसाठी पुण्याकडे जितकी जातात तितकीच हैदराबादच्या काचेच्या कचेऱ्यांकडे जातात. आपल्या जिल्ह्यातही अशा कचेऱ्या व्हाव्यात ही इच्छा रास्त आहे, आणि बंद पडलेल्या कारखान्यांची जागा त्यासाठी योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जी नगरपालिका, महापालिका किंवा महामंडळ अशा जागेची तजवीज करील, तिने मंजुरीपूर्वीच तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात: कोणती इमारत पाडावयाची नाही, माती आणि पाण्याची तपासणी कोणी व कोणाच्या खर्चाने करावयाची, आणि जुन्या कामगारांच्या मुलांना तेथे लागणारे शिक्षण कोण देणार. आणि ज्या वाचकांच्या घरी उस्मानशाही मिलची हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, गेटपास किंवा कामगारांची एखादी जुनी तसबीर असेल, त्यांना माझी विनंती आहे की, ती रद्दीत जाण्यापूर्वी तिची एक प्रत आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात, नाव व साल लिहून, जमा करावी.

पुढील लेखांकात : मुंबईचे गिरणगाव.